केस न आलेली घोडी

नोव्हेंबर लागला की इमेल्डा शेसन स्वयंपाकघरातल्या टेबलावर जेवत नसे. ताट मांडीवर घेऊन चुलीपाशी बसायची. टेबल महिनाभर घोड्यांचं. एका बाजूला वंशावळीची जाड वही, दुसऱ्या बाजूला वर्षभरात आलेले कागद, मधे चष्मा आणि चहाचा कप, पायाशी बुटांच्या खोक्यांत रचलेले केसांचे लिफाफे. नवरा होता तेव्हा म्हणायचा, या घरात घोडा एकही नाही, केस मात्र सगळ्या घोड्यांचे. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. त्याचे केस काही तिने ठेवले नव्हते, आणि भांडी घासताना कधीमधी तिला ते उगाच आठवायचं.

बेटाच्या या पश्चिम टोकाला केप जातीचे घोडे होते. म्हणजे अजून होते. रुंद छातीचे, आखूड पायांचे, इथल्या बटाट्याच्या शेतांसारखेच तांबडे. वादळानंतर किनाऱ्याला समुद्रशेवाळ लागायचं तेव्हा हे घोडे छातीभर पाण्यात शिरून जाळीदार खोरी ओढायचे, आणि लाट डोक्यावरून गेली तरी पाय रोवून उभे राहायचे. पुढे शेवाळाचा धंदा बसला. घोडे उरले. पाच नर आणि तेवीस घोड्या.

या तेवीस जणींच्या आया, आज्या आणि पणज्या इमेल्डाच्या वहीत होत्या. गावातल्या अर्ध्या लोकांना स्वतःच्या पणजीचं नाव सांगता आलं नसतं; इमेल्डा त्यांच्या घोडीच्या पणजीच्या कपाळावरचा भोवरा कुठे होता ते सांगायची. सगळं जनावर एकाच रंगाचं, पांढरा पट्टा नाही की ठिपका नाही. तेव्हा ओळख पटवायची ती भोवऱ्यांवरून. छापील कागदावर घोड्याची आकृती असते, दोन्ही बाजूंची. जिथे केस उलटे फिरतात तिथे मालकाने खूण काढून पाठवायची. कोणाचा भोवरा कपाळाच्या मधोमध, कोणाचा मानेवर. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखंच ते. दोघींचं सारखं नसतं.

आणि वहीचा एक नियम होता, इमेल्डाच्याही आधीचा. घोडं मेलं की मालकाने आयाळीची एक बट कापून लिफाफ्यातून पाठवायची. केस आल्याशिवाय मरण लिहायचं नाही. पूर्वी लोक जनावर बेटाबाहेर विकायचे आणि मेलं म्हणून कळवायचे, त्यावरचा हा तोडगा. सव्वीस वर्षांत इमेल्डाने हा नियम एकदाही मोडला नव्हता. दुसरा एक मोडला होता.

यंदा जनावरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीतून पत्र आलं. जातीची मान्यता टिकवायची तर पूर्ण वंशावळ असलेल्या निदान वीस घोड्या हव्यात. तपासणीला हँड्राहनबाई गुरुवारी येतील. वही तयार ठेवावी. आणि खाली एक ओळ : पान एकसष्टवरच्या सेराफीन नावाच्या घोडीचं मरण नोंदलेलं नाही. वहीप्रमाणे ही घोडी आज चव्वेचाळीस वर्षांची असून जिवंत आहे. खुलासा व्हावा.

घोडं तीस वर्षं जगलं तरी लोक बघायला येतात. पण पत्रात थट्टेचा सूर नव्हता. कचेरीला थट्टा जमत नाही.

इमेल्डाने पत्र दोनदा वाचलं आणि साखरेच्या डब्याखाली दाबून ठेवलं. सेराफीन मेली नव्हती हे खरंच होतं. ती जन्मलीही नव्हती.

सव्वीस वर्षांपूर्वी वही नव्याने इमेल्डाच्या हातात आली तेव्हा घोड्या एकोणीस होत्या. त्यातली एक मिनर्व्हा, उर्बेन डूसेटची. त्याची बायको यव्होन नुकतीच गेली होती, आणि घोड्यांचं कोण कोणाचं ते सगळं यव्होनच्या डोक्यात होतं, कागदावर काही नाही. मिनर्व्हाची आई कोण, उर्बेनला सांगता येईना. आई नाही तर मिनर्व्हा वहीत नाही. तो माणूस याच टेबलाशी टोपी हातात धरून बसला होता आणि म्हणाला होता की मग राहू दे, ट्रकवाल्याला फोन करतो, मी तरी आता कशाला ठेवू. इमेल्डा तेव्हा बत्तीस वर्षांची. तिने त्याला दुसरा चहा दिला आणि आत जाऊन कोऱ्या कागदावर एक घोडी लिहिली. नाव सेराफीन. जन्मसाल, अंदाजे. कपाळावर दोन भोवरे, एकावर एक. लिहिताना चहाचा थेंब उजव्या कुशीवर पडला. पुसायला गेली तर पसरला, म्हणून तिने पेनाने फिरवून त्याचा पिसासारखा लांबट भोवराच करून टाकला. बाहेर येऊन म्हणाली, सापडलं, जुन्या कागदांत होतं, सेराफीन तिचं नाव. उर्बेनने मान हलवली आणि सही केली.

मरणाची जागा तिने कोरी ठेवली. घोडी खोटी लिहिली तेव्हा हात कापला नाही. पण केस आल्याशिवाय मरण लिहायला तो धजेना. माणसाचं कुठे अडेल सांगता येत नाही.

मिनर्व्हा अकरा वर्षांपूर्वी गेली. पण आज तेवीसांतल्या नऊ घोड्या तिच्या लेकी-नाती होत्या. सेराफीन खोटी ठरली की नऊ गळणार, चौदा उरणार, मान्यता जाणार. मान्यता गेली की हे साधे ओझ्याचे घोडे, आणि साध्या ओझ्याच्या घोड्यांना हिवाळाभर चारा कोण घालतो? मुख्य भूमीवरून बंद ट्रक येतो. कुठे नेतो ते कोणी विचारत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं.

तेव्हा सेराफीनला मारणं भाग होतं. एक बट, एक लिफाफा, एक तारीख. एवढंच.

मंगळवारी सकाळी इमेल्डाने त्या नऊ जणींचे कागद टेबलावर ओळीने मांडले. हँड्राहनबाईंना एका नजरेत दिसावेत म्हणून. इतकी वर्षं हे कागद एकेक करून आले होते, एकेक करून फायलीत गेले होते. शेजारी शेजारी मांडायची वेळ कधी आली नव्हती.

तिने चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

नऊच्या नऊ आकृत्यांवर उजव्या कुशीवर खूण होती. लांबट, पिसासारखी. वेगवेगळ्या हातांनी काढलेली : कोणी पेन्सिलीने, कोणी निळ्या शाईने, आर्सेनो नावाच्या मालकाच्या मुलीने तर लाल रंगाने. कोणी मोठी, कोणी लहान. पण जागा तीच, आणि वळण तेच, खालून वर, शेपटाकडे. इमेल्डाने फाईल उलगडून बाकीच्या चौदा जणींचे कागद पाहिले. एकीलाही नव्हती. मिनर्व्हाचा कागद काढला. तिच्या आकृतीवर कूस कोरी होती. तो कागद इमेल्डाने स्वतःच उतरवला होता, उर्बेनच्या अंगणात उभं राहून.

असं होतं, तिने स्वतःला सांगितलं. एकाने काढलं की दुसरा बघून काढतो. लोक आळशी असतात.

दुपारी लिओना आली. लिओना तिची मावसबहीण, आणि त्या सगळ्या भागातली एकुलती एक बाई नालबंद. अंगाला जळक्या खुराचा वास, दंड पुरुषासारखे. आल्या आल्या तिने टेबलाकडे पाहून नाक मुरडलं आणि काकवीच्या बिस्किटांचा डबा स्वतःच खाली काढला. उर्बेनकडून येत होती. हिवाळ्याचे, बर्फावर न घसरणारे नाल ठोकायचं काम काल सुरू केलं होतं, ते आज संपवलं.

"म्हातारा म्हणाला चार घोड्या," ती तोंडात बिस्कीट धरून म्हणाली. "मी सोळा नाल घेऊन गेले. निघाल्या पाच. परत चार नाल घेऊन आज जावं लागलं मला. एवढी वही लिहितेस, त्याला मोजायला तरी शिकव."

उर्बेनकडे चारच आहेत, इमेल्डा म्हणाली.

"हो का? मग माझी कंबर कोणाच्या पायाखाली मोडली?"

इमेल्डाने विचारलं की पाचवी कुठली, शेजाऱ्यांची सुटून आली असेल. लिओनाने खांदे उडवले. म्हातारा 'आपली आजीबाई' म्हणत होता. गरीब जनावर, पाय माग की पाय देतं. फक्त ओली होती. दोन दिवस पाऊस नाही, आणि ती पोटापासून खुरापर्यंत निथळत होती. लिओनाने दोनदा पुसली, दोनदा ओली.

मग लिओनाने हातातलं बिस्कीट खाली ठेवलं. ती बिस्कीट अर्धं टाकणारी बाई नव्हती.

"खुराला कधी खिळाच लागलेला नाही गं तिच्या," ती म्हणाली. "एक जुनं भोक नाही. एवढ्या वयाची घोडी, आणि जन्मात नाल नाही. आणि खूर मऊ. किनाऱ्याला लागलेलं लाकूड असतं ना, बोटाने दाबलं तर पाणी येतं? तसा. खिळा ठोकला की भोकातून पाणी यायचं."

चहा निवत होता. लिओनाने कप उचलला, आणि आता नाताळला मटणाची पाई कोणाकडे भाजायची त्यावर आली.

बुधवारी इमेल्डा कात्री पर्समध्ये घालून उर्बेनकडे गेली. दुपारचे दोन, आभाळ स्वच्छ, वारा आखाताकडून. बेत साधा होता. फ्लोरा, मिनर्व्हाची लेक. तिच्या आयाळीची एक बट कापायची. केस कोणत्या घोडीचे ते केस सांगत नाहीत. उर्बेनला अर्धं सांगायचं.

चौऱ्याऐंशी वर्षांचा उर्बेन तिला पाहून खूश झाला. त्याच्या घरात कोंबडीच्या रश्श्याचा वास होता आणि खिडकीत यव्होनचा फोटो, त्यापुढे प्लास्टिकची फुलं, धुतलेली. त्याने गुडघ्यांची तक्रार केली, नव्या पाद्र्याची केली, मग तिच्या वजनाबद्दल एक टोमणा मारला आणि तिला रस्सा वाढला. इमेल्डाने सगळा खाल्ला. मग म्हणाली, "उर्बेनकाका, सेराफीनचं मरण लिहायचं राहिलंय."

"कोणाचं?"

इमेल्डाच्या छातीवरचा दगड एकदम हलला. विसरलाय. ठाऊकच नाही त्याला. "मिनर्व्हाची आई हो. जुनी गोष्ट. नुसती तारीख टाकते मी, तुम्ही सही—"

"ती कुठे मेलीय?" उर्बेन म्हणाला.

तो हसत नव्हता. भ्रमिष्टासारखाही दिसत नव्हता. शेजाऱ्याने चुकीची बातमी सांगितली तर माणूस जसा बघतो, तसा बघत होता.

"पोरी, मेली असती तर केस नसते का पाठवले मी? मिनर्व्हाचे पाठवले. रडत पाठवले, पण पाठवले. नियम म्हणजे नियम."

मग तो सेराफीनबद्दल सांगू लागला. थांबेचना. पाण्यात शिरायला ती कधी कचरली नाही. बाकीच्या घोड्या परत फिरल्या तरी ती पुढे. उजव्या कुशीवर तिचे केस उलटे, त्यामुळे ओढीचा पट्टा तिथे घासायचा आणि कातडं सोलायचं. तर यव्होनने मेंढीच्या कातड्याची घडी शिवली होती, पट्ट्याखाली घालायला. रात्रभर जागून शिवली. आणि घोडीशी बोलत बोलत बांधायची, सख्ख्या बहिणीशी बोलावं तशी. हे सांगताना त्याचा आवाज इतका हलका झाला की इमेल्डाला त्याच्याकडे बघवेना.

यव्होन गेली त्यानंतर सात आठवड्यांनी इमेल्डाने ही घोडी लिहिली होती. ती घोडी त्या कागदावरून उतरून मागे मागे चालत गेली होती, आणि म्हाताऱ्याच्या बायकोच्या आठवणीत जाऊन उभी राहिली होती. आता तिला तिथून हाकलायचं तर यव्होनच्या हातातली सुईही काढून घ्यावी लागणार होती.

मी जरा फ्लोराला बघून येते, इमेल्डा म्हणाली. उर्बेन चहाचं आधण ठेवायला उठला.

तबेल्यात उजेड होता. पश्चिमेकडचं दार उघडं. चार ठाणांवर चार घोड्या गवत चघळत उभ्या. तो आवाज इमेल्डाला फार आवडायचा, जड आणि सावकाश, घरात कोणीतरी जात्यावर बसल्यासारखा. तिने फ्लोराच्या मानेवर हात ठेवला, खाली नेला, बरगड्यांवरून उजव्या कुशीपर्यंत. केस एका दिशेने सरळ, गुळगुळीत. मग बोटांखाली ते वळले. खालून वर, शेपटाकडे. तिने डोळे मिटून बोट फिरवलं. सव्वीस वर्षांपूर्वी पेन फिरवलं होतं तसंच ते फिरलं, चहाच्या थेंबाच्या कडेकडेने.

कोणी बघून काढलेलं नव्हतं.

पाचवं ठाण शेवटाला. तिथे यव्होन असल्यापासून तुटक्या खुर्च्या ठेवलेल्या असत. आता खुर्च्या नव्हत्या. पेंढा अंथरलेला होता, ताजा, आणि मधोमध दबलेला. आणि दबला होता तिथे ओला. गव्हाणीच्या कडेला शेवाळाची एक तांबडी झिपरी लोंबत होती. वास घोड्याचा नव्हता. ओहोटीच्या वेळी येतो तो होता.

जनावर नव्हतं. इमेल्डाने नीट पाहिलं. ठाण रिकामं होतं.

तिने कात्री काढली. फ्लोराच्या आयाळीची एक बट बोटाभोवती गुंडाळली आणि ताणली.

चघळणं थांबलं.

एकीचं नाही, चौघींचं, एकदम. चारी घोड्यांनी माना वळवल्या. इमेल्डाकडे नाही. त्या रिकाम्या ठाणाकडे. कान पुढे, नाकपुड्या रुंद. आई खोलीत आली की मुलं गप्प होतात, तशा.

इमेल्डाच्या मानेमागे कोणीतरी दीर्घ श्वास सोडला. ऊन, दमट. तिच्या कोटाची कॉलर भिजली.

ती वळली नाही. बोटाभोवतीची बट सैल केली, कात्री मिटली, पर्समध्ये ठेवली. मागे न बघता, भिंतीला खांदा घासत ती दारापर्यंत गेली. अंगणात आली तेव्हा मागे चघळणं परत सुरू झालं होतं. आता आवाज चौघींचा होता की पाच जणींचा, ते ओळखायला ती थांबली नाही.

उर्बेन चहाचे कप घेऊन पायरीवर उभा होता. म्हणाला, भेटली का?

गुरुवारी सकाळी तिने ठरवलं की खरं सांगायचं. रात्री झोप लागली नव्हती, पण ठरल्यावर हलकं वाटलं. एक बाई चुकली, तिने दयेपोटी खोटं लिहिलं, आता वही परत घ्या. नऊ घोड्यांचं काय ते हात जोडून मागू. तिने वाक्य जुळवलं, आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा आवाज कापला नाही. कॉलर अजून ओलसर होती. तिने कोट चुलीपाशी वाळत घातला.

हँड्राहनबाई अकराला आल्या. चाळिशीच्या, लाल नाकाच्या, हातात फाईल, आणि डाव्या पायाने लंगडत. त्यांनी खुर्ची ओढली, नको म्हणत म्हणत चहा घेतला, आणि उशीर झाल्याबद्दल माफी मागितली; डूसेटांचं शेत वाटेवरच लागतं, म्हणून आधी तिथे जाऊन आल्या.

इमेल्डा उभीच होती. "सेराफीनबद्दल मला सांगायचंय," ती म्हणाली.

"हो, तेच करून आले."

"ती घोडी नाहीच आहे. मी लिहिली ती. माझ्या मनाने लिहिली, या टेबलावर."

वाक्य नीट बाहेर पडलं. हँड्राहनबाईंनी चहाचा घोट घेतला, आणि दिवसभर म्हाताऱ्या शेतकऱ्यांशी बोलून दमलेलं माणूस हसतं तशा हसल्या.

"शेसनबाई, मग माझ्या पायावर पाय कोणी दिला?"

त्यांनी बूट पुढे केला. चवडा चेपला होता. कातड्यावर रुंद, गोल ठसा होता, आणि ठशात ओली तांबडी वाळू.

इमेल्डा बसली.

हँड्राहनबाईंनी फाईल उघडली. आत कागद होता, नवा, दोन्ही बाजूंची आकृती. त्यांनी स्वतः जनावरासमोर उभं राहून काढलेली. कपाळावर दोन भोवरे, एकावर एक. उजव्या कुशीवर पीस. बरोबर लिफाफा, कचेरीच्या शिक्क्याचा. आत ओळख तपासायला घेतलेले केस, मुळासकट उपटलेले, त्यांनीच. लिफाफ्याचा खालचा कोपरा भिजून गडद झाला होता.

फक्त वय चुकलंय, त्या म्हणाल्या. चव्वेचाळीस कसं असेल? दातांवरून सव्वीस. फार तर सत्तावीस. जुन्या कागदांत असं होतंच, मी दुरुस्त केलंय. बाकी सगळं ठीक. तेवीस घोड्या, पूर्ण वंशावळ. मान्यतेला काही धोका नाही. आणि हिला धरून चोवीस.

त्यांनी वहीत सही केली. इमेल्डाने ती सही होताना पाहिली. नऊ घोड्या वाचल्या. ट्रक येणार नव्हता. याच्यासाठी तीन दिवस जीव टांगणीला लागला होता; आणि आता आनंद व्हायला हवा हे तिला कळत होतं.

दारापाशी हँड्राहनबाई थांबल्या. हातमोजे घालता घालता म्हणाल्या, "एक राहिलंच. गाभण आहे ती. या वयात, नवलच. पण पोट हाताला लागतं, वसंतात व्यायला हवी. शिंगराचा कागद मी आत्ताच करून टाकलाय, टेबलावर आहे. बापाचं नाव तेवढं कोरं आहे. मी विचारलं डूसेटांना."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ते इमेल्डा भरते."

गाडी गेली. रस्त्यावरचा आवाज बटाट्याच्या गोदामापर्यंत ऐकू आला, मग तोही नाही. अकरा वाजून चाळीस मिनिटं. बाहेर कडक ऊन, कोरडी थंडी.

कागद टेबलावर होता. आई : सेराफीन. बाप : आणि पुढे रिकामी रेघ.

इमेल्डाने पेनाला टोपण लावलं. पेन खणात टाकलं, खण ढकलला. काहीही झालं तरी लिहायचं नाही. उर्बेनने मागितलं तरी नाही, कचेरीने मागितलं तरी नाही. आता ही रेघ कोरी राहील आणि तिच्याबरोबर ही गोष्ट संपेल.

ती तशीच बसून राहिली, हात मांडीत घेऊन.

सिंकवरच्या खिडकीची काच धूसर झाली. बाहेरच्या बाजूने. मधोमध, ताटाएवढा गोल, कडांशी विरत जाणारा. हळूहळू तो निवळला. परत धूसर झाला. निवळला. घाई नव्हती त्याला.

इमेल्डाने नजर काढून टेबलावर आणली. टेबलावर ती रेघ होती.

सव्वीस वर्षं जी बाई कोऱ्या जागा भरत आली, तिच्या डोळ्यांपुढे कोरी जागा ठेवली की मन आपोआप चालतं; त्याला पेन लागत नाही. तिने त्याला अडवलं. दुसरीकडे वळवलं : नाताळ, मटणाची पाई, लिओना. पण तेवढ्यात ते त्या रेघेवर जाऊन आलं होतं. काळपट तांबडा. मोठा, या जातीत नसतो इतका मोठा. मागच्या दोन्ही पायांना पांढरं. नाव, दोन अक्षरांचं.

लिहिलं नव्हतं तिने. तोंडातून काढलं नव्हतं. मनात आलं, एवढंच.

काचेवर दुसरा गोल उमटला. पहिल्याच्या शेजारी, वीतभर वर.